'फी भरली नाही' आणि 'फी भरता आली नाही' : एकाच कॉलममधल्या दोन गोष्टी



गेल्या महिन्यात एक ज्युनिअर तिचं पीएचडीचं प्रपोजल दाखवायला आली होती. विषय चांगला होता, शैक्षणिक कर्ज थकवणारे विद्यार्थी. एक्सेल शीटही तयार होती. हप्ता भरणाऱ्यांपुढे ०, न भरणाऱ्यांपुढे १ आणि कॉलमचं नाव 'डिफॉल्टर'. मी विचारलं, "यातल्या किती जणांना नोकरीच लागलेली नाही?" ती म्हणाली, "ते डेटामध्ये नाहीये ताई."

मग मी तिला एकदम वेगळ्याच विषयावर वाचायला लावलं : अमेरिकेतली प्रोबेशनची फी. तिला वाटलं मी विषय टाळतेय. पण 'पैसे आले नाहीत' ही नोंद आणि 'पैसे का आले नाहीत' हे कारण, यांच्यातली दरी समजून घ्यायला याच्याइतकं बोलकं उदाहरण मला तरी माहीत नाही. तिथे त्या एका कॉलमवर माणूस तुरुंगात जाणार की घरी राहणार, हे ठरतं. तिला तुकड्यातुकड्यांत जे सांगितलं तेच आज इथे सविस्तर लिहितेय. मी स्टॅटिस्टिक्सची आहे, कायद्याची नाही. त्यामुळे लक्ष मुख्यतः मोजमापाकडे असेल.

आधी शब्द. आपल्याकडे 'प्रोबेशन' म्हटलं की नव्या नोकरीतली पहिली एक-दोन वर्षं आठवतात. इथलं प्रोबेशन वेगळं. गुन्हा सिद्ध झाला, पण कोर्टाने तुरुंगात न पाठवता सांगितलं की इतकी वर्षं देखरेखीखाली राहा, ठरलेल्या दिवशी अधिकाऱ्याला भेटा, अटी पाळा. भारतातही १९५८ चा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट आहे. कायद्याच्या मराठीत त्याला 'परिवीक्षा' म्हणतात. अमेरिकेत मात्र अशा माणसांची संख्या सुमारे ३० लाख आहे. आणि तिथल्या बऱ्याच राज्यांत या देखरेखीचा खर्च देखरेखीखाली असलेल्या माणसाकडूनच दरमहा वसूल केला जातो. दंड वेगळा, नुकसानभरपाई वेगळी, कोर्टखर्च वेगळा आणि वर ही मासिक फी.

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) प्रोबेशनची सुरुवात याच्या अगदी उलट झाली होती. १८४१ साली बॉस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाचे बूट बनवणारे एक गृहस्थ कोर्टात बसले होते. दारूच्या गुन्ह्यात आणलेल्या एका माणसाचा जामीन त्यांनी स्वतःहून घेतला. तीन आठवड्यांनी त्याला परत हजर केलं तेव्हा त्याच्यातला फरक पाहून न्यायाधीशांनी कोठडीऐवजी एक सेंट दंड केला. कोर्टखर्च धरून एकूण ३ डॉलर ७६ सेंट झाले आणि ते तिथल्या तिथे भरले गेले. पुढची अठरा वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, ऑगस्टस हेच करत राहिले. जवळजवळ दोन हजार लोकांसाठी ते जामीन राहिले. म्हणजे मूळ कल्पना अशी की ज्याच्याकडे काही नाही, त्याच्या बाजूने दुसरा कुणीतरी जोखीम घेतो.

आता आजचा हिशोब बघा. टेक्सासच्या कायद्यात ही मासिक फी २५ ते ६० डॉलरच्या दरम्यान ठरवायची तरतूद आहे. परवडत नसेल तर न्यायाधीश ती कमी किंवा माफ करू शकतात, हेही त्यातच लिहिलंय. टेक्सासमध्ये किमान वेतन म्हणजे केंद्राचंच, ताशी ७.२५ डॉलर. ते २००९ पासून बदललेलं नाही. ६० भागिले ७.२५ केलं तर सव्वाआठ तासांच्या थोडं वर येतं. म्हणजे महिन्यातली एक दिवसाची मजुरी. 'एवढं काय त्यात?' असं वाटेल. पण हा भागाकार काम असलेल्या माणसाचा आहे. काम नसलेल्या माणसाच्या हिशोबात छेदाच्या जागी शून्य येतो, आणि शून्याने भागायचं नसतं हे आपण सातवी-आठवीत शिकलोय.

जॉर्जिया राज्यात तर याहून विचित्र प्रकार होता. समजा दोघांना ट्रॅफिकच्या एकाच गुन्ह्यासाठी ३०० डॉलर दंड झाला. एकाने खिशातून काढून दिला आणि तो घरी गेला. दुसऱ्याकडे त्या दिवशी पैसे नाहीत, म्हणून तो हप्त्याने फेडेपर्यंत प्रोबेशनवर. देखरेखीची फी महिना ४० डॉलर धरली आणि फेडायला वर्ष लागलं, तर ४८० डॉलर नुसती फी. एकूण ७८०. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण यंत्रणा खरी आहे. तिला 'पे-ओन्ली प्रोबेशन' म्हणतात. या माणसावर देखरेख कशासाठी? तर त्याने त्या दिवशी रोख दिले नाहीत एवढ्यासाठी. आणि हे काम बऱ्याच ठिकाणी खासगी कंपन्यांकडे होतं, ज्यांचं उत्पन्न याच फीमधून यायचं. २०१५ मध्ये जॉर्जियाने कायदा बदलून अशा प्रकरणांत देखरेखीची फी जास्तीत जास्त तीन महिने घेता येईल, अशी मर्यादा घातली.

आता त्या कॉलमकडे येऊ. फी आली नाही. का?

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८३ साली 'बिअर्डन विरुद्ध जॉर्जिया' या खटल्यात आला. (त्यात थकलेली रक्कम देखरेखीच्या फीची नव्हती, दंड आणि नुकसानभरपाईची होती. पण फीच्या प्रकरणांतही आज याच निकालाचा आधार घेतला जातो.) डॅनी बिअर्डनने १९८० मध्ये घरफोडी आणि चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा, म्हणून प्रोबेशन मिळालं. ५०० डॉलर दंड, २५० डॉलर भरपाई. १०० त्याच दिवशी, १०० दुसऱ्या दिवशी आणि उरलेले ५५० चार महिन्यांत भरायचे होते. पहिले दोनशे त्याने आईवडिलांकडून उसने घेऊन भरले. साधारण महिन्याभरात त्याला कामावरून कमी केलं. शिक्षण नववीपर्यंत आणि वाचता येत नव्हतं. काम शोधलं, मिळालं नाही. मुदत संपायच्या थोडं आधी त्याने स्वतः प्रोबेशनच्या ऑफिसला कळवलं की काम मिळत नाहीये, पैसे द्यायला उशीर होईल. तरीही कोर्टाने प्रोबेशन रद्द केलं आणि राहिलेली मुदत तुरुंगात काढायला पाठवलं.

न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिलेल्या निकालाचा सार असा. पैसे भरले नाहीत म्हणून प्रोबेशन रद्द करायचं असेल, तर आधी कोर्टाने कारणाची चौकशी केली पाहिजे. ऐपत असून मुद्दाम भरले नाहीत, किंवा पैसे उभे करायचा प्रामाणिक प्रयत्नच केला नाही, तर तुरुंगात पाठवता येईल. पण प्रयत्न करूनही जमलं नसेल, तर आधी दुसरे पर्याय बघा. मुदत वाढवा, रक्कम कमी करा, समाजसेवेचं काम द्या. ते कुठलेच पुरेसे नसतील तरच तुरुंग.

वाचायला अगदी रास्त वाटतं. पण आता संशोधक म्हणून विचार करा. 'मुद्दाम' हे मोजायचं कसं? निकालात त्याचा आकडा नाही. महिन्याला किती अर्ज केले म्हणजे प्रामाणिक प्रयत्न? हातात मोबाइल दिसला तर ऐपत आहे असं धरायचं का? बहिणीकडून उसने घेता आले असते, पण घेतले नाहीत, हे कशात बसतं? आपल्या भाषेत सांगायचं तर 'ऐपत' हा न दिसणारा चल आहे, लेटंट व्हेरिएबल. आपल्याला दिसते ती फक्त पावती, आली किंवा नाही आली. त्यावरून आतलं कारण ओळखायचंय. दोन न्यायाधीश एकाच माणसाकडे बघून दोन निष्कर्ष काढू शकतात, कारण मोजपट्टीच दिलेली नाही.

इथे थोडं माझं सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी फेलोशिप सात महिने अडकली होती. कागद इकडून तिकडे, नेहमीचंच. त्याच काळात रजिस्ट्रेशनची फी भरायची नोटीस आली, उशीर झाला तर रोजचा विलंब आकार. मी ऑफिसात जाऊन म्हटलं, "सर, फेलोशिप आली की त्याच दिवशी भरते. तीच आली नाहीये." समोरचे गृहस्थ खरंच चांगले होते. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे बघा मॅडम, इथे 'नॉट पेड' एवढंच दिसतं. कारण लिहायला जागाच नाही." शेवटी मामाकडून पैसे घेतले. माझ्या बाबतीत पणाला काय होतं? विलंब आकार आणि थोडी लाज. बिअर्डनच्या बाबतीत तुरुंग होता. स्क्रीन मात्र साधारण सारखीच.

(आपल्याकडे जामिनाच्या बाबतीत हाच प्रश्न १९७८ मध्ये मोती राम खटल्यात आला होता. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. निकाल जरूर वाचा, भाषा अफाट आहे.)

आता मूळ संशोधन-प्रश्न. फीचा बोजा माणसाला पुन्हा गुन्ह्याकडे ढकलतो का?

पहिल्या झटक्यात डोक्यात येणारी रचना अशी : फी वेळेवर भरणारे एका बाजूला, थकवणारे दुसऱ्या बाजूला. वर्षभराने बघायचं की पुन्हा गुन्हा कुणाचा जास्त. थकवणाऱ्यांचा जास्त निघेल, जवळजवळ खात्रीने. आणि त्यातून जवळजवळ काहीच सिद्ध होणार नाही. कारण थकवणारे आधीपासूनच वेगळे आहेत. नोकरी नाही, कधी घर नाही, कधी व्यसन, कधी आजार. याच गोष्टी फी थकायला कारण आणि याच गोष्टी पुन्हा पोलिसांच्या नजरेत यायलाही कारण. याला कन्फाउंडिंग म्हणतात हे तुम्हाला माहीत आहेच. पेटच्या पेपरात विचारतातच.

बाण उलटाही फिरतो. बेरोजगारीमुळे फी थकते हे खरं, पण थकलेल्या फीमुळे वॉरंट निघतं, वॉरंटमुळे दोन दिवस आत जावं लागतं आणि तेवढ्यात लागलेली नोकरी जाते. शिवाय कित्येक ठिकाणी 'नोकरी टिकवून ठेवा' हीच प्रोबेशनची एक अट असते आणि अधिकाऱ्याला भेटायची वेळ कामाच्या तासांत असते. बाहेर नोकरी मिळणं किती कठीण, हे समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात प्रयोग करून मोजलं होतं. २००३ चा पेपर आहे. सारख्या पात्रतेचे तरुण खऱ्या कंपन्यांत अर्ज द्यायला पाठवले. जोडीतल्या एकाच्या अर्जात शिक्षा भोगल्याचा उल्लेख असायचा आणि हा उल्लेख कुणाच्या अर्जात हे आलटून पालटून बदलायचे. गोऱ्या उमेदवारांत नोंद नसलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना पुढचं बोलावणं आलं, नोंद असलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. कृष्णवर्णीयांत हेच आकडे १४ आणि ५. जरा परत बघा. गुन्ह्याची नोंद असलेला गोरा उमेदवार नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयापेक्षा पुढे. म्हणजे 'काम शोधा आणि फी भरा' असं कोर्ट सगळ्यांना सारखंच सांगतं, तेव्हा मागणी सारखी असते, पण बाजार सारखा नसतो.

याच पेजर पुढे आपल्या प्रश्नाकडे वळल्या. रिबेका गोल्डस्टीन, हेलन हो आणि ब्रूस वेस्टर्न यांच्यासोबत त्यांनी ओक्लाहोमा राज्यातल्या ओक्लाहोमा काउंटीत प्रयोग केला. पेजर २०१८ मध्ये गेल्या. पेपर २०२२ मध्ये 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये आला, पहिलं नाव त्यांचंच.

रचना सोपी होती. किरकोळ गुन्ह्यांतले, ऐपत नसलेले आरोपी घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला कोर्टाच्या फीमधून मोकळीक मिळाली, दुसऱ्या गटाचं नेहमीप्रमाणे चालू राहिलं. (ही मोकळीक कोर्टाच्या एकूण देण्यांतली, फक्त देखरेखीच्या फीची नव्हे, हे लक्षात ठेवा.) मग बारा महिने दोन्ही गटांच्या नोंदी तपासल्या. व्यसन, घर, नोकरी या सगळ्या गोष्टी चिठ्ठीमुळे दोन्हीकडे सरासरीने सारख्या वाटल्या जातात. मग उरतो तो फरक फीचा.

काही जण विचारतील, हे नैतिक आहे का? एका गटाला मदत आणि दुसऱ्याला नाही? माझं मत विचाराल तर आहे. कारण दुसऱ्या गटाची परिस्थिती प्रयोगामुळे बिघडली नाही, प्रयोग नसता तरी तीच असती. आणि मदत सगळ्यांना पुरणार नसेल तर चिठ्ठी हा वाटपाचा बऱ्यापैकी न्याय्य मार्ग आहे. उलट चिठ्ठी टाकून एका गटाची फी वाढवली असती, तर कुठल्याही एथिक्स कमिटीने फाईल तोंडावर फेकली असती, आणि बरोबरच केलं असतं. दिशा कुठली, यावर बरंच अवलंबून आहे.

निकाल काय? नवे गुन्हे, नव्या शिक्षा, तुरुंगात दाखल होणं, या तिन्हींत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

इथे माझी ज्युनिअर निराश झाली. "म्हणजे काहीच नाही निघालं?"

असं नाही. आधी हे बघा की या निकालाने दोन्ही बाजूंचे दावे पाडले. फीमुळे लोक गुन्ह्याकडे ढकलले जातात, असं फीचे विरोधक म्हणत होते. बारा महिन्यांत तसं दिसलं नाही. खिशाला चटका बसला की माणूस सुधारतो, असं समर्थक म्हणत होते. तेही दिसलं नाही. 'नल रिझल्ट'ला आपण नापास झाल्यासारखं वागवतो आणि तिथेच चुकतो. फक्त असा निकाल वाचताना पी-व्हॅल्यूवर थांबायचं नाही, कॉन्फिडन्स इंटर्व्हल किती रुंद आहे ते बघायचं. अंतर अरुंद असेल तर 'परिणाम असला तरी लहान आहे' असं म्हणता येतं. रुंद असेल तर फक्त 'आम्हाला कळलं नाही'.

आणि ते तिथेच थांबले नाहीत. त्यांनी दुसराही आउटकम मोजला होता. ज्यांना मोकळीक मिळाली नाही, त्यांच्यामागे वसुलीचा ससेमिरा लक्षणीय जास्त लागला. नवी वॉरंट, देण्यात वाढ, करपरताव्यातून कापून घेणं, खासगी वसुली कंपनीकडे प्रकरण जाणं. आणि एवढं करून कोर्टाच्या हातात आलं किती? थकबाकीच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. इथे जरा सावकाश वाचा.

पुन्हा गुन्हा घडला की नाही, हे संशोधनात मोजतात कसं? गुन्हा प्रत्यक्ष कुणी बघत नाही, नोंदी बघतात. पुन्हा अटक, पुन्हा शिक्षा, पुन्हा तुरुंग. कित्येक अभ्यासांत 'पुन्हा अटक' हाच आउटकम धरलेला असतो, कारण तो डेटा सहज मिळतो. पण फी थकली की वॉरंट निघतं आणि वॉरंट निघालं की अटक होऊ शकते. मग ती अटक तुमच्या शीटमध्ये कुठे जाणार? 'पुन्हा गुन्हा'च्या कॉलममध्ये, चोरी करून आत गेलेल्याच्या शेजारी. म्हणजे फीमुळे गुन्हे वाढतात का हे तुम्ही तपासताय, आणि 'गुन्हा' या तुमच्या मोजमापातच फी न भरणं आधीपासून मिसळलेलं आहे. असा अभ्यास ठळक आणि सार्थ परिणाम दाखवेल, तारे-बिरे लावून. आणि तो परिणाम तुमच्या व्याख्येतूनच आलेला असेल. ओक्लाहोमाच्या अभ्यासाने नवे आरोप एका बाजूला ठेवले आणि वसुलीची वॉरंट दुसऱ्या बाजूला. ही वाटणी केली म्हणून चित्र स्पष्ट झालं : माणसं गुन्हे जास्त करत नव्हती, पण कोर्टाच्या फेऱ्यात जास्त अडकत होती. एकाच कॉलममध्ये घातलं असतं तर 'गरीब लोक पुन्हा गुन्हे करतात' असं वाक्य बाहेर पडलं असतं. आणि कुठल्या तरी धोरणाच्या कागदात ते जाऊन बसलं असतं.

त्या फेऱ्याचं एक उदाहरण अमेरिकेच्या न्याय खात्याच्या मार्च २०१५ च्या फर्ग्युसन अहवालात आहे. प्रोबेशनचं नाही, साध्या पार्किंगचं. २००७ मध्ये एका बाईंनी गाडी चुकीच्या जागी लावली. १५१ डॉलर दंड आणि वर फी. त्यांच्याकडे पैसे नव्हते, काही काळ घरही नव्हतं. तारखा चुकल्या, त्याचे वेगळे दंड लागले. दोनदा अटक होऊन त्या सहा दिवस आत राहिल्या. मधे दोनदा २५ आणि ५० डॉलर असे थोडेथोडे भरायला गेल्या, तर पूर्ण रक्कम हवी म्हणून कोर्टाने परत केले. डिसेंबर २०१४ पर्यंत ५५० डॉलर भरून झाले होते आणि तरी ५४१ बाकी होते. या बाईंची नोंद तुमच्या 'डिफॉल्टर' कॉलममध्ये काय असती? १. त्या पैसे घेऊन खिडकीशी उभ्या होत्या, हे कुठल्या कॉलममध्ये आहे?

वसुलीचा खर्चही कुणी सहसा मोजत नाही. ब्रेनन सेंटर या संस्थेच्या २०१९ च्या अभ्यासात न्यू मेक्सिकोतल्या एका काउंटीत फी आणि दंडाचा एक डॉलर गोळा करायला किमान १.१७ डॉलर खर्च होत असल्याचं दिसलं. हा एका काउंटीचा आकडा आहे, देशाला लावू नका. पण 'फी घेतली नाही तर तिजोरीचं नुकसान' असं कुणी म्हटलं, की आधी खर्चाची बाजू मागायची. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२१ पासून प्रोबेशनच्या देखरेखीच्या फीसह २३ प्रकारच्या फी रद्द केल्या. रिसर्चच्या दृष्टीने अशा तारखा सोन्यासारख्या असतात. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे लोक फारसे वेगळे नसतात, नियम मात्र बदललेला असतो. चिठ्ठी टाकता येत नसेल तिथे असे बदल शोधायचे.

ओक्लाहोमाच्या अभ्यासाच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर व्हायवामध्ये कुणीतरी विचारेलच. एकच काउंटी, किरकोळ गुन्हे, बारा महिने. देणं पाच-सात वर्षं डोक्यावर राहिलं तर काय होतं, हे बारा महिन्यांत दिसत नाही. गंभीर गुन्ह्यांत रकमा मोठ्या असतात आणि काही ठिकाणी त्यावर व्याजही चढतं. समाजशास्त्रज्ञ अलेक्सिस हॅरिस यांनी वॉशिंग्टन राज्याचा अभ्यास केला तेव्हा तिथे हे व्याज वर्षाला १२ टक्के होतं. त्यांचं 'अ पाउंड ऑफ फ्लेश' हे २०१६ चं पुस्तक मिळालं तर वाचा. त्यांनी आकड्यांसोबत मुलाखती घेतल्या आणि कोर्टात बसून निरीक्षणंही केली. आम्ही सायन्सवाले मुलाखतींकडे जरा नाक मुरडून बघतो. मीही बघायचे. पण 'का भरले नाहीत' हा कॉलम भरायचा असेल, तर कधीतरी माणसालाच विचारावं लागतं.

ज्युनिअरचं प्रपोजल गेल्या आठवड्यात परत आलं. तिने 'डिफॉल्टर' कॉलम काढून तीन केलेत : हप्ता चुकला का, त्या महिन्यात उत्पन्न होतं का आणि चुकण्याआधी बँकेला कळवलं होतं का. तिसरा तिला बिअर्डनवरून सुचला. पहिल्याचा डेटा बँकेकडून मिळेल. उरलेल्या दोनसाठी तिला साठ-सत्तर जणांना फोन करावे लागणार आहेत. गाईड म्हणतायत की एवढ्याने सॅम्पल लहान होईल, आणि त्यांचं चुकीचं नाही. सध्या ती बँकेच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं निवडतेय आणि फोन उचलला नाही तर किती वेळा परत करायचा, यावर आमचा वाद चालू आहे. मी म्हणतेय किमान पाच वेळा आणि तेही वेगवेगळ्या वेळी. कारण वसुलीच्या फोनला कंटाळलेला माणूस अनोळखी नंबर उचलत नाही. तो सॅम्पलमधून गळला, तर नेमका तोच गळेल.